उत्पत्तीतले सहा दिवस अक्षरशः घ्यायचे का? मुलगी दहावीला आहे, तिला काय सांगू

नाशिकरोडची_आई

जय ख्रिस्त सगळ्यांना. मुलगी यंदा दहावीला, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. शाळेत तो धडा चालू असतानाच इकडे चर्चमध्ये तरुणांच्या वर्गात उत्पत्ती, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय निघाला, देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं तो. वर्ग घेणारे भाऊ मनाने फार चांगले, मुलांसाठी जीव टाकतात, पण त्यांनी सरळ सांगितलं की पृथ्वी सहा हजार वर्षांची, दिवस म्हणजे चोवीस तास, आणि ज्याला हे पटत नाही त्याचा वचनावर, म्हणजे बायबलवर, विश्वासच नाही. पोरगी घरी आली ती गप्पच. रात्री भांडी आवरताना म्हणाली, मम्मी मग मी बोर्डाच्या पेपरात खोटं लिहायचं का, आणि ते खोटं नसेल तर मग बायबल खोटं का.

मिस्टर म्हणतात जास्त खोलात जाऊ नको, मार्क मिळव आणि विषय सोड. पण ती सोडणाऱ्यातली नाही आणि खरं सांगायचं तर मलाही सोडवत नाहीये. मी दोन्ही अध्याय सलग वाचले, आयुष्यभर ऐकलेले आहेत पण असे वहीपेन घेऊन कधी वाचले नव्हते. झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस संध्याकाळ आणि सकाळ कशाने झाली? दुसऱ्या अध्यायात तर शेतात झुडूपसुद्धा नाही तेव्हा माणूस घडवला, मग बाग लावली, मग जनावरं, आणि शेवटी हव्वा. पहिल्या अध्यायात माणूस सगळ्यात शेवटी. हे पोरीच्याही लक्षात आलंय.

फक्त विश्वास ठेव असं उत्तर देऊ नका प्लीज, विश्वास आहे म्हणूनच विचारतेय. आणि ज्यांना बायबलची टिंगल करायची असेल त्यांनी दुसरीकडे करा.

देवळालीचा_दादा

ताई जय ख्रिस्त. मी स्वतः असा वर्ग घेतो (तुमच्या चर्चमध्ये नाही) म्हणून आमची बाजू आधी मांडतो. आम्ही सहा दिवस अक्षरशः मानतो ते अडाणीपणाने नाही.

पहिलं म्हणजे निर्गम २०:११. शब्बाथाची आज्ञा देताना देव स्वतः म्हणतो की परमेश्वराने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, समुद्र सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही सहा दिवस काम करा. आता माणसाचे सहा दिवस खरे आणि देवाचे सहा दिवस म्हणजे सहा युगं, असं एकाच वाक्यात कसं धरणार? आणि प्रत्येक दिवसाला संध्याकाळ झाली, सकाळ झाली असं मुद्दाम लिहिलंय. साधा माणूस वाचून जे समजेल तेच देवाला सांगायचं होतं असं मी धरतो. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या लूथर साहेबांनीही सरळ सहा दिवसच मानले.

दुसरं, आणि माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं. रोमकरांस पत्र ५:१२ म्हणतं एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. आता कोट्यवधी वर्षं प्राणी मरतायत, एकमेकांना फाडून खातायत, त्यांचे जीवाश्म होतायत, आणि मग कधीतरी माणूस आला असं धरलं तर मरण पापाच्या आधीपासून होतं. मग प्रभू येशू वधस्तंभावर कशावर विजय मिळवायला गेला? हा प्रश्न मला झोपू देत नाही म्हणून मी पहिल्या अध्यायाला हात लावू देत नाही.

सूर्याचं म्हणाल तर प्रकटीकरण २१:२३ बघा, नव्या यरुशलेमेला सूर्यचंद्राची गरजच नाही, देवाचं तेज तिला प्रकाश देतं. शेवटी असं असेल तर सुरुवातीला का नसेल?

पेपरात मुलीने पुस्तकात आहे ते लिहावं, त्यात खोटं काही नाही, प्रश्न पुस्तकावरच असतो. पण तिचा विश्वास नाही असं कुणी म्हणायला नको होतं, मी माझ्या वर्गात तसं म्हणत नाही.

शरणपूरकर_काका

सौ. ताई, दादा, दोघांनाही सलाम. मी भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि आयुष्यभर रविवारी उपासनेला आणि सोमवारी वर्गावर गेलोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे, जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी दगडाचं सांगतो कारण आपण नाशिककर त्याच्यावरच राहतो. कधी गाडीने कसारा घाट उतरलात तर रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे कडेला नीट बघा, काळ्या दगडाचा एक जाड थर, त्याच्यावर विटेसारख्या रंगाचा तांबडा पातळ पट्टा, त्याच्यावर परत काळा थर. काळा म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला बसाल्ट. तांबडा पट्टा म्हणजे मधल्या काळात ज्वालामुखी शांत असताना त्या दगडाचा वरचा भाग हवापाण्याने झिजून, कुजून जी माती झाली ती, पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघालेली. म्हणजे एक लाव्हा आला, थंड झाला, त्याची माती होण्याइतका काळ गेला, आणि मग दुसरा आला. असे थरावर थर. आपली पांडवलेणी याच दगडात कोरलीयत, ब्रह्मगिरी, अंजनेरी सगळं त्यातलंच. हे बहुतेक सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास घडलं. सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे तिथे पोरीला एकदा न्याच, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत खनिजाचं पाणी झिरपून जे स्फटिक वाढले ते बघून तिचे डोळे दिपतील. दादा, काही लोक म्हणतात देवाने पृथ्वी मुळात जुनी दिसेल अशीच केली. मला ते मानवत नाही. जो देव सत्य आहे तो कधी न झालेल्या पावसाने कधी न झिजलेला दगड दाखवून मला फसवेल असं मी त्याच्याबद्दल म्हणू शकत नाही. स्तोत्र १९ म्हणतं आकाश देवाचा महिमा वर्णन करतं, मग दगडानेही खरंच बोलायला हवं.

आता वचनाकडे. अक्षरशः न घेणारे म्हणजे डार्विनला घाबरून मागे सरकलेले, असा एक समज आहे तो काढून टाका. डार्विनचं पुस्तक १८५९ चं. ओरिगेन तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान, त्याने तेव्हाच विचारलं की सूर्यचंद्र नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा मोजला, म्हणजे तुमच्या मुलीचाच प्रश्न. संत ऑगस्टीन ४३० साली वारला, त्याचं मत असं की देवाने सगळं एकदम निर्माण केलं आणि सहा दिवस ही आपल्याला समजावं म्हणून केलेली मांडणी आहे. त्यानेच बजावून ठेवलंय की ज्या गोष्टी बाहेरच्या माणसाला निरीक्षणाने पक्क्या ठाऊक आहेत त्यांच्याबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलला, तर पुनरुत्थानाबद्दल तो काय सांगतो ते बाहेरचा माणूस का ऐकेल? जुन्या काळातले बिशप बासिल आणि पुढे लूथर यांनी सरळ अर्थ घेतला हेही खरं, म्हणजे मतं पहिल्यापासून दोन्ही होती. लूथरसारखाच प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याचं उत्पत्तीवरचं भाष्य १५५४ चं. तो म्हणतो ज्योतिर्विदांनी शनी चंद्रापेक्षा मोठा असल्याचं दाखवलंय ते बरोबरच आहे, मोशेने साध्या माणसाला डोळ्यांना जसं दिसतं तसं लिहिलं, खगोल शिकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं. हे कॅल्विन म्हणतो, कुणी नास्तिक नाही.

सहा हजार वर्षांचा आकडाही वचनात कुठे नाही. वंशावळ्यांची बेरीज करून लोकांनी तो काढला, त्यातला सगळ्यात गाजलेला आर्चबिशप अशर यांचा, १६५० मध्ये छापलेला, ख्रिस्तपूर्व ४००४. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात तो छापला जाऊ लागला आणि लोकांना वाटलं तो बायबलचाच भाग आहे. आज जी चळवळ शाळेतल्या पुस्तकाविरुद्ध उभी राहते ती या रूपात अमेरिकेत १९६० नंतर जोर धरलेली आहे. आपल्या मराठी मंडळ्यांत ती पुस्तकांतून आणि आता यूट्यूबवरून आली.

मग पहिला अध्याय सांगतो काय? पोरीला कागदावर दोन रकाने काढायला सांगा. डावीकडे पहिला, दुसरा, तिसरा दिवस. उजवीकडे चौथा, पाचवा, सहावा. पहिल्या दिवशी प्रकाश आणि अंधार वेगळे, चौथ्याला त्यांच्यावर सत्ता चालवणाऱ्या ज्योती. दुसऱ्याला वरचं अंतराळ आणि खालचं पाणी, पाचव्याला पक्षी आणि मासे. तिसऱ्याला कोरडी जमीन आणि वनस्पती, सहाव्याला त्या जमिनीवर चालणारे आणि ते खाणारे. आधी जागा, मग त्या जागेतले रहिवासी. पृथ्वी अस्ताव्यस्त आणि रिकामी होती असं दुसऱ्या वचनात म्हटलंय ना, तर तीन दिवस अस्ताव्यस्तपणा जातो आणि तीन दिवस रिकामेपणा भरतो. झाडं सूर्याच्या आधी का, याचं उत्तर या रकान्यांत मिळतं. ज्याने हे लिहिलं त्याला सूर्य उगवल्यावर दिवस होतो हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे, शेतकऱ्याच्या पोरालाही ते ठाऊक असतं, त्याने क्रम मुद्दाम तसा ठेवलाय.

का ठेवलाय ते बघायला आजूबाजूचे लोक काय सांगत होते ते बघा. बाबिलोनी लोकांची निर्मितीकथा मातीच्या सात पाट्यांवर कोरलेली निनवे या प्राचीन शहराच्या उत्खननात सापडली, १८७६ मध्ये तिचं भाषांतर छापून आलं. त्यात मार्दुक देव तियामत या समुद्रदेवीला मारतो, तिचं प्रेत दोन भागांत चिरून एका भागाचं आकाश करतो, आणि किंगू नावाच्या बंडखोर देवाच्या रक्तापासून माणूस घडवतात, कशासाठी, तर देवांची कामं करायला. तिथे सूर्य देव, चंद्र देव, त्यांची देवळं. आता आपला अध्याय वाचा. लढाई नाही, प्रेत नाही, देव बोलतो आणि होतं. सूर्य आणि चंद्र यांना नावसुद्धा न देता मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणून चौथ्या दिवसावर ठेवलंय, झाडाझुडपांच्याही मागे. बाबिलोनच्या बंदिवासात राहणाऱ्या यहुदी माणसाने हे ऐकलं असेल तेव्हा त्याला किती बळ आलं असेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं १:२७. त्या काळच्या जगात देवाची प्रतिमा म्हणायचे ते राजाला. इथे प्रत्येक माणूस, नर आणि नारी, देवाच्या प्रतिरूपाचा. मी शरणपूरचा आहे म्हणून हे मला जास्त लागतं. १८५० च्या दशकात मिशनने ही वसाहत वसवली आणि समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे आणून ठेवली, इथे ती वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हाही तो पेटी धरणाऱ्यांत होता. ज्याला बाजारात वस्तू म्हणून विकलं जात होतं त्या पोराने आपल्या नाशिकमध्ये हे वचन वाचलं असेल. चोवीस तास की युगं या वादात आपण हे वचन उडी मारून पुढे जातो याचं मला वाईट वाटतं.

बाळयेशूभक्त_नाशिकरोड

काकांनी खूप छान लिहिलंय. मी कॅथलिक आहे, आमच्याकडे हा वाद एवढा पेटत नाही. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी पत्रक काढून माणसाच्या शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास आणि चर्चा करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडून हे धरून. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता केवळ गृहीतकाच्या पुढे गेलीय. तुमच्या मुलीच्या त्याच धड्यात आनुवंशिकता आहे ना, वाटाण्यावर प्रयोग करणारा मेंडेल हा मठातला साधू होता, हे तिला नक्की सांगा.

एक गोष्ट ॲड करतो. बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात, म्हणजे प्रकाश होवो म्हणजे बिग बँग, पाचव्या दिवसाचे मासे म्हणजे कॅम्ब्रियन (समुद्रात नाना तऱ्हेचे प्राणी दिसू लागले तो प्राचीन काळ), असं एकेक वचन सायन्सला जोडत बसतात. बिग बँगची कल्पना ज्याने पहिल्यांदा मांडली तो जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचा कॅथलिक फादर. १९५१ मध्ये पोपनी भाषणात ती थिअरी निर्मितीच्या बाजूने वापरली तर लमेत्रलाच ते आवडलं नाही, कारण थिअरी उद्या बदलली तर विश्वासही बदलायचा का? मला हे फार पटतं. पक्षी पाचव्या दिवशी आणि जमिनीवरचे प्राणी सहाव्या, जीवाश्मांत क्रम उलटा आहे, जुळवायला गेलं तर जुळतच नाही, मग लोक शब्द पिळत बसतात.

गंगापूररोडचा_वाचक

मी ख्रिस्ती नाही, टिंगल करायला आलेलो नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त (१०.१२९) आठवलं. तिथे शेवटी ऋषी म्हणतो ही सृष्टी कुठून आली ते वरून बघणाऱ्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. तुमच्या पहिल्या अध्यायात हा संशय कुठेच नाही, सगळं ठाम आणि पुन्हा पुन्हा देवाला ते चांगलं दिसलं. जग मुळात चांगलं आहे हे एवढ्या ठामपणे म्हणणं मला या चर्चेतलं सगळ्यात वेगळं वाटलं. एकच विचारायचंय, आदाम खरा माणूस होता की नाही यावर काका काहीच बोलले नाहीत.

देवळालीचा_दादा

हो, तेच मलाही विचारायचंय. काका तुमचा मान राखून बोलतो. दोन रकाने सुंदर आहेत, मी वर्गात वापरेन, पण मांडणी सुंदर आहे म्हणून घटना झालीच नाही असं ठरत नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायातली वंशावळ प्रभू येशूपासून मागे जात जात थेट आदामापर्यंत पोचते. त्यात कुठल्या नावापासून खरी माणसं संपतात आणि गोष्ट सुरू होते? आणि पहिला अध्याय मांडणी, दुसरा अध्याय चित्र, असं म्हणत म्हणत उद्या कुणी पुनरुत्थानही चित्रच आहे म्हणालं तर त्याला कुठे थांबवणार? मी तरुणांबरोबर बसतो, हे असंच घरंगळत जातं, मी बघितलंय.

शरणपूरकर_काका

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे, टाळत नाही.

पुनरुत्थानाचं लिखाणच वेगळं आहे. १ करिंथ १५ मध्ये पौल नावं देतो, केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, मग पाचशेहून जास्त भाऊ, आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत म्हणतो, म्हणजे जा आणि विचारा. ही साक्ष आहे. उत्पत्ती एकला साक्षीदार असूच शकत नाही, माणूसच सहाव्या दिवशी आला. सगळ्या पुस्तकाला एकच मोजपट्टी लावली तर बोलणारा साप आणि प्रभूचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पंतय पिलाताची कचेरी एकाच रांगेत येऊन बसतात, आणि त्यात नुकसान पिलातासमोर उभ्या राहिलेल्या प्रभूच्या गोष्टीचं होतं.

आदाम मी खरा मानतो. पण तो पृथ्वीवरचा एकटाच माणूस होता असं मजकुरातही दिसत नाही. चौथ्या अध्यायात काइन म्हणतो जो कुणी मला भेटेल तो मला मारेल. कोण भेटणार होता? मग त्याला बायको मिळते, तो नगर बांधतो. मला वाटतं देवाने अनेक माणसांतून एका जोडप्याला हाक मारली, जसं पुढे अब्राहामाला मारली. हे वचनात स्पष्ट लिहिलेलं नाही, माझा कयास आहे, आणि रोमकरांस ५ चं ओझं त्याने पूर्ण हलकं होत नाही हे मी मान्य करतो.

मरणाचं मात्र बघा. पौल म्हणतो पापामुळे मरण सगळ्या माणसांत पसरलं, तो तिथे माणसांबद्दल बोलतोय. तुम्ही उत्पत्ती १:३० दाखवाल, प्राण्यांना हिरवा पाला खायला दिला, तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. पण त्याच्या शेजारी स्तोत्र १०४ ठेवा, ते अख्खं निर्मितीचंच स्तोत्र आहे. एकविसावं वचन म्हणतं तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाजवळ आपलं अन्न मागतात. शिकारीबद्दल तिथे शाप नाही, शोक नाही, देवाच्या शहाणपणाची स्तुती आहे. ईयोब ३८ मध्ये देव स्वतः विचारतो सिंहिणीसाठी तू शिकार करतोस का. मी या दोन अध्यायांपुढे गप्प बसतो.

देवळालीचा_दादा

स्तोत्र १०४ वर मला विचार करावा लागेल. यशया ११ मध्ये सिंह बैलासारखा कडबा खाईल असं लिहिलंय, म्हणजे देवाला शेवटी हवंय ते तसं जग, म्हणून सुरुवातही तशीच असावी असं मला अजून वाटतं. सहा दिवसांवरचं माझं मत मी बदललेलं नाही. पण वर्गात एखादा रविवार फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवायचा असं मनात आलंय, आणि निर्गम २० च्या शेजारी स्तोत्र १०४ पण वाचायचं.

नाशिकरोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पोरीला जवळ घेऊन दोन रकाने काढले, चौथ्या दिवसापाशी ती एकदम म्हणाली अगं हे तर जुळतंय. मग स्तोत्र १०४ वाचलं. आदामाबद्दल तिचं समाधान झालेलं नाही, माझंही नाही. पेपरात ती उत्क्रांतीचे पुरावे पूर्ण लिहिणार आहे, जीवाश्म, अवशेषांगं (शरीरातले आता निरुपयोगी झालेले अवयव), सगळं, आणि ते खोटं आहे असं न मानता लिहिणार आहे, एवढं आमचं दोघींचं ठरलं.

मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले आपल्या भाऊंना घरी जेवायला बोलव, वर्गात सगळ्यांसमोर नको, इथे बसून बोलू. तर या शनिवारी त्यांना बोलवलंय. काका, अशर साहेबांच्या आकड्याचं आणि ऑगस्टीनचं मी वहीत उतरवून घेतलंय. दादा, तुमचं रोमकरांस ५ पण घेतलंय, कारण भाऊ तिथूनच सुरुवात करणार आणि त्यांचं म्हणणं पोरीने नीट ऐकावं असं मला वाटतं.